पुरवठादार : वातावरण

आदिनाथ तिकोने सर सव्वीस वर्षं वडगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. दाब म्हणजे काय, हे त्यांनी इतक्या मुलांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी व्याख्या, सूत्र आणि एकक या क्रमानं उत्तर आलं असतं. पण हवेचा दाब ही माणसाच्या अब्रूशी संबंधित गोष्ट आहे, हे त्यांना कळलं ते गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या एका रविवारी, कान्हे गावाच्या पलीकडं, घोटाभर चिखलात.

सरांकडे एक जुनी जीप आहे. चारही चाकांना इंजिनाची ताकद जाते अशी. मोटारसायकलवर कॉलेजात जाणाऱ्या माणसाला अशी जीप कशाला लागते, हा प्रश्न सारिकाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, एकदा विचारला होता. त्याचं उत्तर अजून यायचं आहे, तेव्हा तो आपणही इथं काढायला नको.

त्या रविवारी भाजे गावात सारिकाताईंच्या मामेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. हायवेनं सरळ गेलं असतं तर अर्ध्या तासाचं काम. पण नवऱ्यांच्या तोंडून निघणाऱ्या वाक्यांमध्ये ‘आतून एक वाट आहे’ हे वाक्य फार घातक असतं, आणि सरांनी ते कान्हे फाट्यावर उच्चारलं. वाट होती. तिच्यात चिखलही होता. सर खाली उतरले आणि एका काडीनं चारही चाकांची हवा त्यांनी शांतपणे निम्मी करून टाकली. दाब कमी केला की टायर पसरतो, पसरला की चिखलावर जास्त जागा धरतो आणि गाडी रुतत नाही. हे सगळं त्यांनी पैठणी सावरत आत बसलेल्या सारिकाताईंना खिडकीतून समजावून सांगितलं. आणि खरंच, जीप त्या चिखलातून डौलात बाहेर पडली. सरांच्या चेहऱ्यावर असा आनंद सारिकाताईंनी त्यांच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

पुढं डांबरी रस्ता लागला आणि एक साधा प्रश्न उभा राहिला. बाहेर गेलेली हवा परत आत कोण घालणार? डांबरावर निम्म्या हवेनं जोरात जाता येत नाही, टायर फाटतो. कामशेतच्या अलीकडं पंक्चरचं एक दुकान होतं, ते बंद. शेजारच्या टपरीवाल्यानं सांगितलं, “त्यो साखरपुड्याला गेलाय, भाज्याला.”

सायकलवाले त्यांना मागं टाकत होते. भाज्याला पोचले तेव्हा मांडवात पान-सुपारी चालली होती. सारिकाताईंची झुंबरबाई मावशी मांडवाच्या तोंडाशीच बसलेली. तिनं आधी चपट्या चाकांकडं पाहिलं, मग सरांकडं.

“काय वो जावईबापू, गाडी आजारी हाय का?”

“नाही मावशी, हवा कमी केलीय.”

“कुनी?”

“मीच.”

“मंग भरा की आता.”

“भरायचं साधन नाही.”

“साधन न्हाई, तर सोडली कशापायी?”

भौतिकशास्त्रात याला उत्तर नाही. मागं तो पंक्चरवाला हातात जिलबी घेऊन उभा राहून सगळं ऐकत होता. तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, “सर, उद्या सकाळी नऊला उघडतो मी.”

घरी आल्यावर सारिकाताईंनी जाहीर केलं की उन्हाळ्याच्या सुटीत जीप विकायची. गिऱ्हाईकही होतं. गौरव नावाचा त्यांच्या ओळखीतला एक तरुण लोणावळ्याजवळ पर्यटकांसाठी फार्म-हाउस चालवत होता आणि त्याला ही जीप हवी होती. चालवायला नव्हे. फाटकाशी उभी करून तिच्या बॉनेटवर शेवंतीच्या कुंड्या ठेवायला.

कुंड्यांचं ऐकल्यावर सर रात्रभर कूस बदलत राहिले म्हणतात. सकाळी उठले ते ठरवूनच. जीपमध्ये हवेची टाकी बसवायची. जीपच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या कॉम्प्रेसरनं टाकी आधीच गच्च भरून ठेवायची, रानात चाकं सैल करायची आणि रस्त्याला लागलं की टाकीतून दोन मिनिटांत भरून घ्यायची. “विज्ञान आहे हे,” सर म्हणाले. “कुंड्या नीट दिसतील पण तिच्यावर,” सारिकाताई म्हणाल्या.

टाकी मिळाली कामशेतच्या नथूभाऊंच्या भंगारात. ट्रकच्या ब्रेकला हवा पुरवणारी, लांबट, काळी, पाच-सहा घागरींचं पाणी मावेल एवढी.

“लय मजबूत माल हाय सर,” नथूभाऊ तिच्यावर थाप मारून म्हणाले. “ट्रक गेला, डायवर गेला, टाकी हाय तशी हाय.”

“ड्रायव्हर गेला?” सरांनी हात मागं घेतला.

“गावाला गेला. हितं बसून काय करनार, ट्रकच न्हाई तर.”

सरांनी टाकी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून ठेवली, आणि तिथून खऱ्या अर्थानं प्रकरणाला सुरुवात झाली. सुखनिवास सोसायटीचे सचिव हौशीराम पडवळ पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. टाकी या शब्दावर आपला हक्क आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ते पाच मिनिटांत खाली आले.

“सर, प्रत्येक फ्लॅटला टाकी एकच. नियम आहे.”

“ही पाण्याची नाही हो. हवेची आहे.”

“हवेची.” पडवळांनी टाकीला एक प्रदक्षिणा घातली. “बरं. आणि हवेत काय आहे?”

“हवाच.”

“ते कळलं. पण आत काय आहे?”

गेल्या सव्वीस वर्षांत सरांना वर्गात कुणी लागोपाठ दोन प्रश्न विचारले नव्हते. मुलांचा एकच प्रश्न असायचा, पेपरला येणार का. इथं तर प्रश्नांचा पाऊस. तळमजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, हवा सगळीकडं फुकट असताना साठवायची कशाला? पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, यानं आपल्या वाटची कमी तर होणार नाही ना? एकानं सल्ला दिला की शेणानं सारवून घ्या, तापणार नाही. दुसरा म्हणाला, नायट्रोजन भरा, माझा मेव्हणा भरतो. सर प्रत्येकाला उत्तर देत गेले आणि त्यातच घात झाला. पडवळांनी विचारलं, “मावते किती?” आणि सर सवयीनं बोलून गेले, “आठ किलो.”

गॅरेजवाले दाब किलोत मोजतात. पण पडवळ गॅरेजवाले नव्हते. संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं की तिकोने सर घराखाली आठ किलो काहीतरी ठेवणार आहेत आणि विचारलं की हवा सांगतात. सरांनी वहीत गणित करून दाखवलं की आठ किलो दाबानं भरली तरी आत जेमतेम आठशे ग्रॅम हवा बसेल. त्यानं संशय आणखी वाढला. आधी आठ किलो सांगितलं, आता आठशे ग्रॅमवर आले! तिसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली : ‘फ्लॅट क्र. सात यांनी आपल्या टाकीबाबत सक्षम अधिकाऱ्याचे पत्र आणावे, अन्यथा टाकी व वाहन आवाराबाहेर ठेवावे.’ सर आयुष्यात पहिल्यांदाच नोटिशीत आले होते. ते पुढचे दोन दिवस मागच्या जिन्यानं येत-जात राहिले.

सक्षम अधिकारी कोण, हे शोधण्यातच डिसेंबर गेला. एका कार्यालयानं सांगितलं गॅस असेल तर आम्ही, दुसऱ्यानं सांगितलं द्रव असेल तर आम्ही. हवा म्हटल्यावर दोन्हीकडचे लोक चष्मा काढून बघायचे. शेवटी एका कार्यालयात छापील अर्ज मिळाला, आणि सरांनी तो घरी आणला. सारिकाताई वडगावच्या कोर्टात टंकलेखक होत्या. जीपला त्यांचा विरोध असला तरी चुकीचा भरलेला अर्ज त्यांना बघवत नसे. त्यांनी अर्ज पुढं ओढला.

“साठवायच्या पदार्थाचं नाव?”

“हवा.”

“रंग, वास?”

“नाही.”

“पुरवठादाराचं नाव आणि पत्ता?”

सरांनी डोकं खाजवलं. “पुरवठादार नाहीये गं.”

“रकाना रिकामा सोडला की अर्ज परत येतो. वीस वर्षं तेच बघतेय मी.” सारिकाताईंनी क्षणभर विचार केला आणि टाइप केलं : ‘वातावरण’. पत्त्यापुढं लिहिलं : ‘सर्वत्र’.

अर्ज गेला.

इकडं टाकी जीपला बसवायची तर तिला पट्ट्या जोडायला हव्यात, म्हणून सर ती घेऊन लोणावळ्याला एका वेल्डरकडं गेले. त्यानं लांबूनच हात जोडले. “आधी सरदारचाचांना दाखवा. ते हो म्हणाले तरच मी हात लावणार.”

सरदारचाचा शेख रेल्वेतून निवृत्त झालेले. घाट उतरायच्या आधी लोणावळ्याला गाड्यांच्या ब्रेकची हवा तपासायची, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं होतं. घरामागच्या अंगणात ते पुदिन्याला पाणी घालत होते. त्यांनी टाकी आडवी ठेवली, लहान हातोडीनं तिच्या पोटावर टकटक करत गेले आणि डॉक्टर छाती तपासताना डोळे मिटतात तसे डोळे मिटले.

“सर, हिला पाण्यानं भरा.”

“पाण्यानं? अहो, हवेची टाकी आहे.”

“म्हणूनच पाण्यानं. हिची परीक्षा घ्यायचीय ना? हवेनं घेतली आणि ही नापास झाली, तर निकाल सांगायला तुम्ही राहणार नाही.”

सर म्हणाले, “का?” आणि म्हणताक्षणी त्यांना उत्तर आठवलं. द्रव दाबले जात नाहीत. एका गुणाचा प्रश्न. दरवर्षी बोर्डाच्या पेपरात रिकामी जागा भरा म्हणून येणारा. दाबलीच जात नाही ती वस्तू उसळी काय घेणार? टाकी फुटली तर पाणी फक्त गळतं. हवा मात्र दाबलेली असते, ती सुटली की सगळं एकदम परत करते. हे वाक्य त्यांनी सव्वीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं, पण ते या अंगणात आणून कधी ठेवलं नव्हतं. सरांना स्वतःची जरा लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त मजा वाटली.

चाचांनी प्लंबरकडचा हातपंप आणला. पाण्यानं काठोकाठ भरलेल्या टाकीवर दोघांनी आळीपाळीनं दाब चढवला. सहा झाले, आठ झाले. दहाच्या अलीकडं टाकीच्या बुडाच्या सांध्यातून केसाएवढी पाण्याची धार निघाली आणि थेट सरांच्या चपलेवर पडली. आतून गंजलेली होती ती.

“ही बघा,” चाचा म्हणाले, “पाणी होतं म्हणून चप्पल भिजली.”

त्यांनी पंप बाजूला ठेवला. सर भिजलेल्या चपलेकडं बघत राहिले. ही टाकी त्यांनी पार्किंगमध्ये, पडवळांच्या स्कूटरशेजारी, हवेनं भरून दाखवायचं ठरवलं होतं.

मग नवी टाकी आली, लहान, वीस लिटरची. तीही चाचांच्या अंगणात पाण्यानं भरून पास झाली. तिला दाब दाखवणारा काटा बसला, आणि चाचांच्या हट्टानं एक पितळी सुरक्षा-झडप बसली. दाब प्रमाणाबाहेर गेला की आपोआप उघडणारी. सरांना ती जरा अनाठायी वाटली. “मी स्वतः काट्याकडं बघणारच आहे ना, चाचा.”

“तुमच्यावर विश्वास आहे सर. पण झडपेला दुसरं काही काम नसतं.”

फेब्रुवारीत कार्यालयाचं उत्तर आलं. ‘अर्जासोबत पुरवठादाराचा परवाना व संमतिपत्र जोडलेले नाही. सात दिवसांत सादर करावे.’ सर रागावतील असं सारिकाताईंना वाटलं होतं, पण ते पत्र घेऊन खुर्चीत बसले आणि विचारात पडले. त्यांनी वातावरणाची बाजू मांडणारं तीन पानी उत्तर लिहिलं, आकृतीसह. सारिकाताईंनी त्यातला चुंबकीय क्षेत्राचा परिच्छेद गाळला, बाकी सगळं स्वच्छ टाइप करून दिलं. त्यावर कार्यालय दोन महिने गप्प राहिलं आणि एप्रिलच्या अखेरीस एक ओळीचं पत्र आलं : ‘प्रत्यक्ष पाहणीस येत आहोत.’

पाहणीच्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये सगळी सोसायटी जमली. गौरवही आला होता. पाहणी झाली की जीप नेता येईल, अशा हिशेबानं त्यानं बॉनेटची लांबी-रुंदी फोनवर लिहूनसुद्धा घेतली. लोणावळ्याहून सरदारचाचा आले आणि एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. अधिकारी म्हणून आल्या यशोधरा कांबळे मॅडम. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, हातात फाइल.

पडवळ पुढं झाले. “मॅडम, आमचं म्हणणं एवढंच की आत काय आहे ते सिद्ध झालं पाहिजे.”

मॅडमनी सरांकडं पाहिलं. “करता येईल सिद्ध?”

असा प्रश्न विचारला जाण्याची वाट सर बहुधा जन्मभर बघत असावेत. त्यांनी कॉम्प्रेसर चालू केला, टाकी भरत ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. टाकीतल्या हवेनं एक फुगा फुगवला आणि तोंड बांधून सोडला. तो वर गेला नाही, सावकाश काकूंच्या पायाशी येऊन बसला. म्हणजे हलका गॅस नाही. मग त्यांनी पेटती उदबत्ती मागितली. ती नळीच्या तोंडाशी न्यायची म्हटल्यावर सोसायटी चार पावलं मागं सरली. सारिकाताई पुढं आल्या आणि त्यांनीच उदबत्ती धरली. टोकाचा निखारा लालभडक झाला, बस. भडका नाही, काही नाही. म्हणजे जळणारा गॅस नाही, आणि निखारा विझलाही नाही, म्हणजे यात प्राणवायू आहे. आजोबांनी टाळी वाजवली. पडवळांनी नळीचा वास घेतला आणि म्हणाले, “रबराचा येतोय.” सगळे हसले. सर रंगात आले. वातावरण आपल्या प्रत्येकाच्या डोक्यावर किती वजनानं उभं आहे, हे सांगायला त्यांनी पडवळांनाच उदाहरणादाखल मधे उभं केलं. “या एका पडवळसाहेबांच्या टाळूवर, कल्पना करा...”

कॉम्प्रेसर चालूच होता. काट्याकडं बघायचं होतं ते सर पडवळांच्या टाळूकडं बघत होते.

आणि झडप उघडली.

तो आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. इंजिनानं वाफ सोडावी तशी एक कर्कश, लांबच लांब शीळ पार्किंगभर घुमली. काकू ‘फुटली!’ म्हणून ओरडल्या. पडवळ पंपाच्या खोलीत शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली. गौरव फाटकाबाहेर, थेट रस्त्याच्या पलीकडं दिसला. आणि झडप म्हणजे काय, ती का उघडते, उघडली म्हणजे सगळं ठीक कसं आहे, हे त्या आवारात ज्यांना उत्तम ठाऊक होतं ते तिकोने सर दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर होते. तिथं आपण कसे पोचलो, हे त्यांना आजही आठवत नाही.

शीळ थांबली. सरांनी कठड्यावरून हळूच खाली पाहिलं. सारिकाताई एका खांबाआड होत्या, हातात उदबत्ती तशीच. यशोधरा मॅडम जागेवरून हलल्या नव्हत्या, फक्त फाइल छातीशी धरली होती. सरदारचाचांनी खुर्चीतून न उठता हात लांब करून कॉम्प्रेसर बंद केला.

“घाबरू नका,” चाचा शांतपणे म्हणाले. “काहीही बिघडलेलं नाही. तिचं काम तिनं केलं.”

मॅडमनी फाइलमध्ये बरोबरची खूण केली. “सुरक्षा-झडप चालते,” त्या पुटपुटल्या.

सव्वीस वर्षांची प्रतिष्ठा घेऊन दोन मजले उतरून येणं सोपं नसतं. सर एकेक पायरी मोजत खाली आले. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, पण हसायला कुणी जागेवर नव्हतंच. मॅडम म्हणाल्या, “सर, एवढ्याशा टाकीला आमची परवानगी लागत नाही. आमचा हा विषयच नव्हे.”

“मग तुम्ही आलात का?”

“बारा वर्षं अर्ज तपासतेय मी. पुरवठादाराच्या रकान्यात वातावरण आणि पत्ता सर्वत्र, असं लिहिणारा माणूस बघायचा होता.”

“ते मी नाही लिहिलं,” सर म्हणाले आणि त्यांनी खांबाकडं बोट केलं. सारिकाताई लाजल्या. लग्नाच्या एवढ्या वर्षांत सरांनी त्यांना लाजताना दुसऱ्यांदाच पाहिलं.

‘सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही’ असं पत्र आठवड्यात आलं. त्यावर गोल शिक्का होता, तेव्हा पडवळांचं पूर्ण समाधान झालं. त्यांनी ते फलकावर स्वतः लावलं आणि स्कूटरची दोन्ही चाकं सरांकडून भरून घेतली. गौरवचा फोन आला तेव्हा सारिकाताईंनी तो उचलला आणि तुमच्या कुंड्या जमिनीवरच बऱ्या दिसतील, असं सांगून ठेवला.

मे महिन्याच्या एका दुपारी दोघं जीप घेऊन पवना धरणाच्या बाजूला गेले. दगडधोंड्यांच्या वाटेवर सरांनी चाकं सैल केली, जीप वर चढली, खाली उतरली, सारिकाताईंनी वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला पण कुरकुर केली नाही. डांबरी लागल्यावर सरांनी एका करंजाखाली गाडी उभी केली आणि टाकीची नळी चाकाला लावली. फुस्स करून टायर उभा राहिला. एक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याकडं जाताना त्यांचा अंगठा टाकीच्या पितळी तोटीला लागला आणि ते थबकले.

“सारिका, इकडं ये. हात लाव इथं.”

“चटका बसेल. ऊन बघा किती आहे.”

“लाव तर.”

त्यांनी बोट टेकवलं. “अगंबाई! गार आहे!”

वर ऊन रणरणत होतं आणि पितळेवर दव धरलं होतं. दाबातून सुटलेली हवा पसरते आणि पसरताना थंड होते. सरांनी हे पाठ्यपुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावरून किती वेळा वाचून दाखवलं होतं, आणि बोट आज पहिल्यांदा लागलं होतं. त्यांनी अंगठा पुन्हा एकदा तोटीला लावून पाहिला.

“मग यात पाणी गार होईल?” सारिकाताईंनी विचारलं.

सर त्यांच्याकडं बघतच राहिले. “करून बघू.”

पाण्याची बाटली काढली. नळीच्या तोंडाशी धरली. आधी उभी धरली, मग आडवी, मग ओल्या रुमालात गुंडाळून. सारिकाताई म्हणाल्या, जवळ धरा, सरांनी जवळ धरली. त्या म्हणाल्या, फिरवत धरा, सरांनी फिरवली. दोघांची डोकी बाटलीवर वाकलेली, नळी फुसफुसतेय, आणि मग फुसफुस बारीक होत होत थांबली. काटा शून्यावर आला होता. चौथं चाक चपटंच होतं.

टाकी पुन्हा भरायला कॉम्प्रेसरला चांगली वीस मिनिटं लागणार होती. सरांनी तो चालू केला, या वेळी काट्यासमोरच मांडी घालून बसले आणि बाटली सारिकाताईंच्या हातात दिली. त्यांनी मोठा घोट घेतला, डोळे मिटून चव घेतली आणि बाटली परत दिली.

“कोमटच आहे,” त्या म्हणाल्या. “भरली की परत करून बघू.”